लेखनसीमा: न बदलणाऱ्या कागदाची विलायती हकिकत

शिवकालीन अथवा पेशवेकालीन एखादे अस्सल पत्र हाती घेतले, म्हणजे मजकुराच्या आधी माथ्यावरील शिक्क्याकडे दृष्टी जाते आणि मजकूर संपल्यावर ती तळाशी उमटविलेल्या लहानशा मोर्तबावर येऊन थांबते. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस येणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा काय, किंवा पुढील काळातील ‘लेखनसीमा’ काय, दोहोंचे प्रयोजन एकच होते: येथे लेखन संपले, यापुढे कोणी एक अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे, अशी ग्वाही कागदानेच वाचणाराला द्यावी. दफ्तरातून जो कागद निघाला तोच, तसाच, कानामात्रेचाही फरक न होता दूरच्या ठाण्यावरील कारकुनाच्या हाती पडावा, ही चिंता ज्या राज्यकर्त्यांना होती, त्यांनी ती मेण, शाई आणि मुद्रा यांच्या साह्याने वाहिली; आज तीच चिंता पीडीएफ नावाच्या दस्तऐवजाने आपल्या शिरावर घेतली आहे. मी ज्या देशात राहते त्या ब्रिटनमध्ये कौन्सिल टॅक्सची मागणी, मुलांच्या शाळेचे पत्र, घरभाड्याच्या कराराचा मसुदा, बँकेचा खातेउतारा आणि इस्पितळाने दिलेली तारीख ही सारी याच रूपाने घरात येतात. आणि ज्या दिवशी हा कागद ब्राउझरच्या खिडकीत उघडत नाही, किंवा उघडूनही छापताना विपरीत उमटतो, त्या दिवशी माणसाचे काम अडते. हे अडणे कोठून आले याचा मागोवा घेण्यास मला प्रवृत्त केले ते एका लहानशा प्रसंगाने.

रविवारी मी येथील मुलांचा मराठीचा वर्ग घेते. त्या वर्गासाठी पुण्याच्या एका स्नेही शिक्षिकाबाईंनी बाराखडीची सरावपत्रके मोठ्या आस्थेने तयार करून पाठविली होती. त्यांच्या पडद्यावर ती सुरेख दिसत होती, त्यांनी घरी छापूनही पाहिली होती. मी ती येथील सार्वजनिक ग्रंथालयात, शनिवारी संध्याकाळी दारे बंद होण्याच्या बेतात असताना, न तपासता घाईने छापून घेतली आणि दर पानाचे ठरलेले पेन्स देऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी मुलांपुढे जे कागद ठेवले त्यांवर ‘क’ नव्हता, ‘का’ नव्हता. रोमी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची अर्थशून्य रांग तेवढी ओळीओळीने, समासात नीट बसवून, मांडलेली होती. सात वर्षांच्या एका मुलीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “मावशी, हे मराठीच आहे का?” त्या प्रश्नाला मी त्या वेळी जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुरे उत्तर शोधताना मला लंडन, सरे, नॉटिंगहॅम आणि क्यू अशा अनेक ठिकाणची दफ्तरे धुंडाळावी लागली.

संगणकावर लिहिलेला मजकूर मूळचा परावलंबी असतो, ही गोष्ट छापील कागदाला सरावलेल्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. कागदावरील अक्षर शाईचे असते, ते कागदाबरोबर जाते. संगणकातील अक्षर म्हणजे एक अंक, आणि त्या अंकाला कोणते रूप द्यावयाचे हे वाचणाराच्या यंत्रावर अवलंबून. १९८४ साली अ‍ॅडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा काढली आणि १९८५ मध्ये लेझरायटर या मुद्रणयंत्रात ती शिरली, तेव्हा छपाईपुरता हा प्रश्न बराच सुटला. परंतु ते वर्णन मुद्रणयंत्राला कळे, माणसाच्या पडद्याला नव्हे. १९९१ च्या सुमारास त्या कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी एक टिपण लिहून असा संकल्प मांडला की, कोणत्याही यंत्रावर तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा पाहता व छापता आला पाहिजे. या संकल्पाला त्यांनी नाव दिले ‘कॅमेलॉट’. कॅलिफोर्नियातील गृहस्थाने आपल्या योजनेसाठी ब्रिटनच्या आर्थर राजाची कथांतील राजधानी निवडावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते; कारण ती जशी सर्वांना ठाऊक आणि कोणालाच न गवसलेली, तसाच सर्व यंत्रांवर एकरूप दिसणारा कागद त्या काळी होता. १९९३ च्या जूनमध्ये अ‍ॅक्रोबॅट या नावाने हा संकल्प बाजारात आला, आणि त्याचा दस्तऐवज पीडीएफ म्हणून ओळखला जाऊ लागला. आरंभी कागद वाचण्याचा प्रोग्रॅमसुद्धा विकत घ्यावा लागे, त्यामुळे प्रसार खुंटला. तो पुढे विनामूल्य झाला, तेव्हा वाट मोकळी झाली.

विलायतेत या नव्या दस्तऐवजाची पहिली गंभीर परीक्षा ज्यांनी घेतली त्यांत नॉटिंगहॅम विद्यापीठातील डेव्हिड ब्रेल्सफर्ड आणि त्यांचे सहकारी यांचे स्थान मोठे आहे. इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाला वाहिलेले एक विद्वत्तापूर्ण नियतकालिक वायली या प्रकाशनसंस्थेतर्फे १९८८ पासून निघत होते आणि त्याच्याशी या मंडळींचा निकटचा संबंध होता. छपाईच्या भवितव्याविषयी लिहिणारे नियतकालिक स्वतः मात्र कागदावरच छापले जाते, ही विसंगती त्यांना बोचली असावी; अ‍ॅक्रोबॅट प्रसिद्ध झाले त्याच १९९३ साली त्यांनी वायली आणि चॅपमन अँड हॉल या दोन प्रकाशकांच्या साह्याने ‘कॅजन’ नावाचा प्रकल्प आरंभिला. सीडी-रॉमवर आणि विद्यापीठांच्या जाळ्यावरून अ‍ॅक्रोबॅटच्या रूपात नियतकालिके पोहोचविणे, हा त्याचा उद्देश त्या आद्याक्षरी नावातच सांगितलेला होता. ब्रिटनमधील विद्यापीठांना जोडणारे ‘जॅनेट’ हे जाळे १९८४ पासून अस्तित्वात होते खरे, तरीही चित्रांसह सबंध अंक त्यावरून सुखाने जाईल अशी स्थिती नव्हती. म्हणून तबकडीचा आधार. या मंडळींनी अंकातील संदर्भापासून संदर्भापर्यंत दुवे जोडले, जुन्या जुळणीतून निघालेला मजकूर नव्या रूपात घातला, आणि त्या खटाटोपात आज आपण ज्यांना घरगुती तक्रारी समजतो त्यांतील कित्येकांशी त्यांची आधीच गाठ पडली. त्या काळातील पुष्कळ शास्त्रज्ञ आपले निबंध टेक् या प्रणालीत जुळवीत. तिची अक्षरे ठिपक्यांच्या नक्षीची असल्यामुळे छापल्यावर देखणी, परंतु पडद्यावर उघडली की फाटल्यासारखी दिसत. दोष मजकुराचा नसे. अक्षराची आकृती रेषांनी वर्णिलेली नसून ती ठिपक्यांत गोठविलेली असे, आणि पडद्याच्या मापाला ती उतरत नसे.

या दस्तऐवजाची घडण मी समजावून घेतली तेव्हा मला एकाएकी मोर्तबाची आठवण झाली. पीडीएफची फाइल मजकुराच्या तुकड्यांनी भरलेली असते. कोणता तुकडा फाइलीत नेमक्या कितव्या स्थानी आहे याची अनुक्रमणिका, पुस्तकाच्या रीतीप्रमाणे आरंभी न देता, शेवटी दिलेली असते, आणि सर्वांत अखेर टक्क्याची दोन चिन्हे व ‘ईओएफ’ ही तीन अक्षरे, म्हणजे समाप्तीची खूण. वाचणारा प्रोग्रॅम प्रथम शेपटाकडे जातो, तेथील अनुक्रमणिका पाहतो आणि मग पान उभे करतो. लेखनसीमाच हरवली तर कागद अप्रमाण, हा आपल्या दफ्तरखान्याचा न्याय येथे यंत्राने जसाच्या तसा लावला आहे! ‘फाइल खराब झाली आहे’ असे जे उत्तर ब्राउझर देतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते की, फाइल वाटेत तुटली आणि तिचे शेपूट पोहोचलेच नाही. पूर्वी दुसरेही एक कारण असे: द्विमान फाइल साध्या मजकुराच्या पद्धतीने धाडली की ओळींच्या शेवटची चिन्हे बदलत, प्रत्येक तुकडा आपल्या नोंदविलेल्या जागेवरून चार अंगुळे सरके, आणि अनुक्रमणिकेची रुजुवात पटत नसे.

त्या काळातील ब्रिटिश घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडलेला, त्याची गती सेकंदाला २८,८०० बिट. एक मेगाबाइटचा दस्तऐवज उतरण्यास निर्वेध स्थितीतही पाच मिनिटे लागणार. आणि या देशात गावातल्या गावातला फोनसुद्धा मिनिटांच्या हिशोबाने आकारला जाई, तेव्हा प्रत्येक पानाची किंमत घड्याळावर मोजली जात होती. अनुक्रमणिका शेवटी असल्यामुळे सबंध फाइल उतरेपर्यंत पहिले पानही दिसत नसे. यावर १९९६ साली उपाय निघाला. पीडीएफच्या नव्या आवृत्तीत पहिल्या पानाला लागणारे सारे सामान आणि त्याची अनुक्रमणिका आरंभी मांडण्याची तजवीज झाली, आणि सर्व्हरकडे हवे तेवढेच तुकडे मागण्याची सोय झाली. त्याच वर्षी अ‍ॅक्रोबॅटच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर नेटस्केप या ब्राउझरच्या खिडकीतच दस्तऐवज उघडणारा प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडावयाचा प्रोग्रॅम, आला. पीडीएफ ब्राउझरमध्ये वाचण्याची परंपरा येथे सुरू होते, आणि तिच्या अडचणीही येथेच जन्मतात. कारण आता कागद आणि वाचक यांच्यामध्ये सर्व्हर, ब्राउझर आणि प्लग-इन असे तीन मध्यस्थ उभे राहिले, त्यांपैकी एकाची आवृत्ती जुनी असली तरी पांढरी खिडकी तेवढी नशिबी येई. फाइल प्रथम आपल्या यंत्रावर साठवावी आणि मग स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये उघडावी, हा जो सल्ला आजही जाणते लोक देतात तो याच मध्यस्थांना टाळण्याचा मार्ग होय.

आता माझ्या सरावपत्रकांकडे येते. कारण या साऱ्या इतिहासात मराठी माणसाला सर्वांत झोंबणारा भाग अक्षरांचा आहे. फाइल लहान राहावी म्हणून पीडीएफच्या कर्त्यांनी चौदा टाइप प्रत्येक वाचकाजवळ असतीलच असे धरून चालण्याचे ठरविले. टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कुरियर यांचे प्रत्येकी चार प्रकार आणि चिन्हांचे दोन संच. यांतील टाइम्सचे कूळ लंडनचे. ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी रेखाटलेला टाइप ३ ऑक्टोबर १९३२ रोजी त्या पत्रात प्रथम वापरला गेला. तो तयार करणाऱ्या मोनोटाइप कंपनीचा कारखाना सरे परगण्यात सॅलफर्ड्स येथे होता, आणि याच कंपनीने आपल्या यंत्रांसाठी देवनागरीचेही टाइप केले. चेल्टनहॅम येथील लायनोटाइप कंपनीत फिओना रॉस यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांच्या टाइपांवर जे काम झाले, तेही विसरून चालणार नाही. म्हणजे देवनागरीची जाण या देशाला नव्हती असे नव्हे. तथापि त्या चौदांत देवनागरीला स्थान नव्हते. रोमी लिपीतील टाइप वाचकाजवळ नसला तर त्याच रुंदीचा नकली टाइप बसवून वेळ मारून नेण्याची व्यवस्था होती. देवनागरी टाइप नसेल तर काय, याचे उत्तर कोणी ठरविलेले नव्हते.

त्यात आपली स्वतःची एक गोष्ट मिसळली. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा अंक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वी, आणि खरे सांगावयाचे तर रुळल्यानंतरही दीर्घकाळ, महाराष्ट्रातील छापखाने, शाळा आणि कचेऱ्या जे मराठी टाइप वापरीत त्यांत रोमी अक्षरांच्या अंकांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. त्याला मराठीचे रूप देणारा टाइप तेवढा जवळ हवा. हा टाइप फाइलीत अंतर्भूत केला तर पत्रक पुण्यात आणि नॉटिंगहॅममध्ये सारखेच दिसते. तो केला नाही, आणि काही टाइपांच्या परवान्यातच तसे करण्यास मनाई असे, तर पुण्याच्या यंत्रावर टाइप असल्यामुळे सारे ठीक भासते आणि परमुलखात गेल्यावर सोंग उतरून खालची रोमी अक्षरे उघडी पडतात. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड टाइप विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला, त्याने या दुखण्याचे मूळ उपटण्याची वाट दाखविली. परंतु जुन्या टाइपांत जुळविलेला मजकूर अद्याप आहे, तो उतरवून घेऊ गेल्यास आजही तीच अर्थशून्य रांग हाती येते, आणि शोधयंत्राला त्या कागदात मराठीचा एक शब्दही सापडत नाही. माझ्या मते ही आपल्या अलीकडच्या दफ्तराची मोठी हानी आहे. मोडीतील कागद वाचणारे थोडे का होईनात, उरले आहेत; या कागदांचे टाइप नाहीसे झाले म्हणजे ते वाचणार कोण?

कागदाच्या मापाचा प्रश्न त्या मानाने सोपा. ब्रिटिश कचेरीत आणि तिच्याच वळणावर गेलेल्या आपल्या कचेरीत फुलस्केपचा अंमल होता, सुमारे ८ इंच रुंद आणि १३ इंच लांब. विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून त्याला ते नाव पडले. जर्मनीने १९२२ साली ठरविलेले ए-४ चे माप भारताने १९५७ मध्ये आणि ब्रिटनने १९५९ मध्ये स्वीकारले; म्हणजे या एका बाबतीत आपण जुन्या राज्यकर्त्यांच्या दोन वर्षे पुढे होतो. अमेरिका मात्र आपल्या लेटर मापाला चिकटून राहिली. ए-४ हे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब, लेटर २१६ रुंद आणि २७९ लांब. सहा मिलिमीटर रुंदीत आणि अठरा लांबीत, एवढ्याच फरकाने ब्रिटिश कचेऱ्यांतील किती मुद्रणयंत्रे नसलेल्या कागदाची वाट पाहत ताटकळली असतील! पीडीएफ पानाचे माप आपल्याबरोबर वाहून आणते; ते न बदलणे हाच त्याचा धर्म. म्हणून छापताना ‘पानात बसवा’ असे सांगितले तर मजकूर किंचित आक्रसतो, ‘मूळ मापात’ असे सांगितले तर कडा कापली जाते, आणि बाराखडी गिरवण्याच्या चौकोनांपासून शिवणाच्या नमुन्यापर्यंत जेथे माप अचूक हवे तेथे कोणता पर्याय घ्यावा हे माणसानेच ठरवावे लागते.

प्लग-इनचे राज्य सुमारे वीस वर्षे चालले. क्रोमने २०१० मध्ये आणि फायरफॉक्सने २०१३ च्या फेब्रुवारीत स्वतःचा पीडीएफ वाचक ब्राउझरमध्येच बसविला. त्यानंतर २०१५ आणि २०१७ मध्ये अनुक्रमे या दोघांनी जुन्या पद्धतीच्या प्लग-इनला दार बंद केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे इष्टच होते. तथापि घरचा वाचक हा अ‍ॅक्रोबॅटची सर्व कामे जाणणारा नव्हे. काही सरकारी अर्ज एका निराळ्या, हलत्या पद्धतीने बांधलेले असत. ते नव्या खिडकीत उघडले की अर्जाच्या जागी केवळ ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचे एक वाक्य दिसे, आणि भाबडा माणूस खरोखरच थांबून राही. फायरफॉक्सचा वाचक छापताना पुष्कळदा पान अक्षररूपाने न पाठविता त्याचे चित्र करून पाठवितो, त्यामुळे मोठा दस्तऐवज रेंगाळतो आणि बारीक अक्षर कधी भुरकट उमटते. उलट, एखाद्या मुद्रणयंत्राला टाइपच समजेनासा झाला तर अ‍ॅक्रोबॅटमध्ये मुद्दाम ‘चित्र म्हणून छापा’ हा पर्याय घ्यावा लागतो. एकाचा दोष तोच दुसऱ्याचे औषध. गावाकडे जमीन असलेल्या येथील मराठी कुटुंबांना आणखी एक अनुभव येतो: डिजिटल सहीचा सातबारा ब्राउझरमध्ये अगदी व्यवस्थित दिसतो, पण सही खरी की खोटी हे तो तपासत नाही, त्यासाठी कागद उतरवून सही पडताळणाऱ्या प्रोग्रॅममध्येच उघडावा लागतो, आणि कागदावर छापल्यानंतर त्या सहीचे उरते ते केवळ चित्र.

ब्रिटिश सरकारने या दस्तऐवजाविषयी काय धोरण ठेवले, हेही पाहण्यासारखे आहे. जुलै २०१४ मध्ये मंत्री फ्रान्सिस मॉड यांच्या कारकिर्दीत असा हुकूम निघाला की, संपादन करावयाचे सरकारी दस्तऐवज ओडीएफ या खुल्या रूपात असावेत, आणि केवळ वाचावयाचे एचटीएमएल किंवा पीडीएफ/ए या रूपात. पीडीएफ/ए म्हणजे दीर्घकाळ जतन करण्यासाठी २००५ साली प्रमाणित झालेला प्रकार. त्यात टाइप अंतर्भूत करणे ऐच्छिक नसून अनिवार्य आहे, आणि माझ्या सरावपत्रकांवर हाच एक नियम लागू असता तर ती फसली नसती. पुढे २०१८ मध्ये त्याच सरकारच्या डिजिटल विभागाने, सरकारी मजकूर शक्यतो पीडीएफमध्ये प्रसिद्ध करू नये, अशी जाहीर भूमिका घेतली. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर न बदलणारे पान वाचणाराला डावी-उजवीकडे ओढावे लागते, आणि अंध माणसाला वाचून दाखविणाऱ्या यंत्राला पानातील क्रम पुष्कळदा कळत नाही. त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरपासून सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांना सुगम्यतेचे नियमही लागू झाले. जो गुण तोच दोष ठरावा, असे हे वळण आहे. मला ते न्याय्य वाटते. ज्या नोटिसा केवळ वाचावयाच्या आहेत त्यांना गोठविण्याचे काही कारण नाही. गोठवावे ते करारपत्र, निकालपत्र, आणि मुलांनी गिरवावयाचे अक्षर.

गोठविलेले कागद पुढील पिढ्यांना उघडता यावेत, याची काळजी लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागार वाहते. तेथे २००२ साली ‘प्रोनोम’ नावाची एक नोंदवही उघडली गेली, तीत फाइलींच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. पीडीएफच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद निराळी. एखादी फाइल कोणत्या काळातील, कोणत्या घडणीची, हे तिच्या पोटातील खुणांवरून ओळखणारा प्रोग्रॅमही त्यांनी केला. हस्ताक्षरावरून आणि कागदाच्या जातीवरून पत्राचा काळ ठरविणारे आपले इतिहाससंशोधक या कामाचे मर्म तत्काळ ओळखतील.

नॉटिंगहॅमच्या ब्रेल्सफर्ड यांनी तर याहून विलक्षण काम केले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या तिघा शास्त्रज्ञांनी १९७९ च्या उन्हाळ्यात लायनोट्रॉन २०२ या जुळणीयंत्राच्या टाइपांचे गुपित उलगडले होते आणि त्याचे सविस्तर टिपण त्याच यंत्रावर जुळविले होते. ते टिपण तेव्हा प्रसिद्ध झाले नाही, यंत्रे मोडीत गेली आणि मागे राहिली ती एक पुसट छायाप्रत. टिपणाच्या कर्त्यांपैकी एक, ब्रायन कर्निहन, यांच्यासह ब्रेल्सफर्ड यांनी त्या प्रतीवरून, जुन्या फाइलींच्या अवशेषांवरून आणि टाइपांच्या आकृत्या पुन्हा रेखाटून ते सारे पान पानाबरहुकूम, ओळ ओळीबरहुकूम, बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या चित्रांसकट पीडीएफमध्ये उभे केले आणि २०१३ मध्ये त्याची हकिकत विद्वानांपुढे ठेवली. ती वाचल्यावर मी पुण्याच्या बाईंना पत्र लिहिले.

त्यांनी सरावपत्रके युनिकोड टाइपात पुन्हा जुळविली आणि फाइल पाठविली. या वेळी ग्रंथालयात जाण्यापूर्वी मी ती घरी स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये उघडली, दस्तऐवजाच्या गुणधर्मांच्या चौकटीत टाइपांची यादी पाहिली, प्रत्येकापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद आहे याची रुजुवात केली, कागदाचे माप ए-४ आणि छपाई ‘मूळ मापात’ असे ठरविले, आणि एकच पान आधी छापून चौकोनाची बाजू पट्टीने मोजली. ती बरोबर दोन सेंटिमीटर भरली. रविवारी त्या मुलीने पहिल्या चौकोनातला ‘क’ गिरवला, त्याचा दांडा वरच्या रेषेच्या थोडा बाहेर गेला, आणि मान वर न करता ती ‘का’ कडे वळली.